सहावं फुलपात्र

इटलीला गेल्यावर चौथ्या महिन्यात मी आजोबांशी खोटं बोलले. तसं मी त्यांच्याशी लहानपणापासून खोटं बोलत आले आहे. दूध प्यायले, अभ्यास झाला, मैत्रिणीकडे चाललेय. त्यातलं बरंचसं त्यांनी चालवूनही घेतलं होतं. पण हे खोटं त्या जातीचं नव्हतं. हॉस्टेलच्या खोलीत, मांडीवर नूडल्सचा वाडगा घेऊन, मी व्हिडिओ कॉलवर तोंड वर करून सांगितलं, "जाऊन आले आजोबा. सगळं म्युझियम बघितलं. नंबरसुद्धा ताडून बघितला. आपलं कुणी नाही तिथे."

त्यांनी माझ्याकडे आणि मांडीवरच्या वाडग्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं. जेव आता, गार होईल."

मी म्युझियमच्या दारातही गेले नव्हते.

माझे आजोबा, म्हणजे वडिलांचे वडील, त्र्याऐंशी वर्षांचे. साठहून जास्त वर्षं डोंबिवलीत आणि त्यातली शेवटची पस्तीस आमच्या मानपाड्याच्या फ्लॅटमध्ये. आयुष्यभर एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत बॉयलरवर होते. अजूनही संध्याकाळी गॅलरीत उभं राहून हवा हुंगतात आणि कुठल्या कंपनीने आज काय सोडलंय ते सांगतात. शेजारीपाजारी त्यांना विचारून कपडे वाळत घालतात. बोलणं कमी, पण दोन गोष्टींवर ते कुणाचं ऐकत नाहीत. एक, घरात कुणाला 'पळपुटा' म्हणायचं नाही, खेळातसुद्धा नाही. लहानपणी पकडापकडीत मी भावाला तसं म्हटलं होतं, तेव्हा त्यांनी मला एकदाच, पण कायमची लक्षात राहील अशी थप्पड मारली होती. आणि दुसरं, कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही.

ही दुसरी गोष्ट मला जास्त छळायची. आमच्या समोरच्या आगरी काकू श्रावण सोडला तर दर आठवड्याला काहीतरी पाठवायच्या, तांदळाच्या भाकऱ्या नाहीतर सुकटीची चटणी. आईला ऑफिसमुळे वेळ नसायचा आणि त्यांचा डबा आमच्या ओट्यावर तीन-तीन दिवस पडून राहायचा, कारण आत घालायला काही नसायचं. "नुसता धुऊन दिला तर काय बिघडतं?" असं मी म्हणायचे. आजोबा उठायचे, डब्यात चमचाभर साखर घालायचे आणि माझ्या हातात द्यायचे. "जा. आणि रस्त्यात खाऊ नकोस."

पकडापकडीतल्या थपडेमागची गोष्ट मला पुढे बाबांकडून कळली. माझे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात गेले होते. आमचं मूळ गाव साताऱ्याकडचं, तिथून त्या काळी घरटी एक माणूस पलटणीत असायचा. लग्नाला वर्ष झालं होतं आणि पणजी तीन महिन्यांची गरोदर. आफ्रिकेच्या वाळवंटात ते पकडले गेले, तिथून त्यांना कैदी म्हणून इटलीत नेलं. मग पत्रं थांबली. लढाई संपल्यावर लष्कराकडून 'बेपत्ता' एवढाच निरोप आला. शेजारच्या गावचा एक जण त्याच छावणीतून जिवंत परत आला होता. त्याला पणजीने चावडीवर, सगळ्यांसमोर विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "तो पळाला. आम्हाला सोडून पळाला."

तेवढं एक वाक्य गावाला पुरलं. आजोबा शाळेत गेले ते पळपुट्याचा पोर म्हणूनच. कुणी म्हणायचं तिकडे गोरी बायको केली असेल, कुणी आणखी काही. सोळाव्या वर्षी ते गाव सोडून डोंबिवलीला आले आणि परत राहायला कधी गेले नाहीत. पणजी मात्र तिथेच राहिली, मरेपर्यंत कपाळाला कुंकू लावून. तिच्या लग्नात आहेरात सहा पितळी फुलपात्रं आली होती. त्यातलं एक नवऱ्याने जाताना सोबत नेलं होतं. उरलेली पाच ती चिंचेने लख्ख घासून फळीवर ओळीने मांडायची. आणि सेट अपुरा का, असं कुणी विचारलं, तर म्हणायची, "सहावं यायचंय."

ती पाच फुलपात्रं आजोबांच्या पलंगाखाली पत्र्याच्या पेटीत, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली होती. आम्ही स्टीलमधून पाणी प्यायचो. मी ती कधी हातात घेऊन नीट बघितलीसुद्धा नव्हती.

मला जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा अभ्यास करायचा होता आणि इटलीत शिष्यवृत्ती मिळाली, एवढाच माझा आणि त्या देशाचा संबंध. पण माझं शहर त्या छावणीच्या गावापासून बसने दोन तासांवर निघालं. ते गाव आजोबांनी फार पूर्वी लायब्ररीतल्या नकाशात शोधून ठेवलेलं होतं. आता त्या गावात युद्धाचं एक छोटं म्युझियम आहे, हे माझ्या भावाने त्यांना फोनवर दाखवलं. आजोबांना यात योगायोग बिलकुल दिसला नाही. मी त्यासाठीच चाललेय, असं त्यांनी मनाशी धरून टाकलं.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला एक चिठ्ठी दिली. लष्कराच्या पत्रावरून उतरवून घेतलेला नंबर, पलटण, गावाचं नाव. "पासपोर्टात ठेव," म्हणाले. मी 'हो हो' म्हटलं, माझ्या हातात तेव्हा वजनकाटा आणि लोणच्याची बरणी होती. इटलीत पोचल्यावर तीनदा बॅगा उपसल्या. चिठ्ठी नव्हती.

परत मागायची लाज वाटली, हे खरं कारण. बाकी कारणंही मी जमवली, थंडी आहे, सबमिशन आहे, रविवारी बस नसते. दर रविवारी ते विचारायचे आणि दर रविवारी माझा आवाज थोडा चिडका व्हायचा. शेवटी मी ते वाक्य बोलून मोकळी झाले. नंबर ताडून बघितला, हे तर मी नुसतं खरं वाटावं म्हणून वर घातलं होतं. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. मला वाटलं, सुटले.

जूनमध्ये आजोबा बाथरूममध्ये घसरले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करायलाच हवं होतं आणि हृदय अशक्त, त्यामुळे भूल झेपेल की नाही याची खात्री डॉक्टर देत नव्हते. बाबांनी हे मला वेगळ्या खोलीत जाऊन, दबक्या आवाजात सांगितलं. मग फोन आजोबांच्या हातात दिला. ते म्हणाले, "तू बघून आलीस ते बरं झालं. ते एक डोक्यातून गेलं."

मला त्या रात्री झोप लागली नाही आणि दुसऱ्या दिवशी वर्गात बसवलं नाही. एखाद्याच्या ताटातलं काढून घ्यावं, तसं मी त्यांचं शोधणं काढून घेतलं होतं. आणि ते मला बरं झालं म्हणत होते. ऑपरेशन परवा दुपारी तीनला होतं, म्हणजे इटलीत सकाळचे साडेअकरा. म्युझियम दहाला उघडायचं. मी त्या दिवशीची पहिली बस पकडली. काय करणार होते मी? काही नाही. निदान जाऊन येणार होते, म्हणजे माझं खोटं अर्धं तरी खरं झालं असतं. एवढाच माझा प्रामाणिकपणा.

डोंगराच्या उतारावरचं गाव. म्युझियम म्हणजे जुन्या शाळेच्या तीन खोल्या. टेबलाशी सत्तरीच्या एक बाई विणत बसल्या होत्या. त्या तिथल्या निवृत्त शिक्षिका, आता स्वेच्छेने म्युझियम सांभाळायच्या. मी माझ्या मोडक्या इटालियनमध्ये विचारलं, "इथे भारतीय कैदी होते ना?" त्यांनी विणकाम ठेवलं, चष्मा वर केला आणि तिसऱ्या खोलीकडे बोट दाखवलं.

पहिल्या दोन खोल्यांतून मी जवळजवळ धावतच गेले. बूट, फावडी, रेडिओ, गोळ्या घातलेल्या गावकऱ्यांची नावं भिंतीवर. तिसऱ्या खोलीत एक कोपरा आमच्या लोकांचा. रांगेत उभ्या पागोटेवाल्या माणसांचा एक फोटो, चेहरे नखाएवढे. त्यात मी बाबांचं नाक शोधत राहिले. बाबांचं नाक आजोबांचं आहे, मग आजोबांचं कुणाचं असेल? सगळीच नाकं तशी दिसायला लागली. बाजूला आठ-दहा नावांची यादी. आपलं नाव नाही.

आणि काचेच्या कपाटात, एका घोंगडीच्या शेजारी, एक पितळी फुलपात्र.

काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली देवनागरी अक्षरं होती. वाकून वाचलं. एका माणसाचं नाव आणि गाव. नाव पणजोबांचं नव्हतं. गावही आमचं नव्हतं. खालच्या कार्डावर पहिल्याच ओळीत तेच नाव रोमन लिपीत लिहिलं होतं, भारतीय सैनिक अमुक. पुढे बराच मजकूर होता, तो मी वाचलाच नाही. मला खरं तर त्या माणसाचा राग आला. इतक्या जणांतून एकाचं भांडं सात समुद्रांपलीकडे टिकून राहतं, आणि तेही दुसऱ्याच कुणाच्या तरी पणजोबाचं.

अकराला दहा कमी होते. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

आजोबा हॉस्पिटलच्या हिरव्या झग्यात होते. कवळी काढलेली, त्यामुळे चेहरा एकदम लहान झालेला. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. "आजोबा, मी म्युझियममध्ये आलेय," एवढंच म्हटलं आणि तोंड लपवायला कॅमेरा उलटा केला. बूट दाखवले, फोटो दाखवला, यादी दाखवली. मी भरभर बोलत होते. "आणि हे बघा, एका भांड्यावर मराठीत नाव आहे. आपलं नाहीये हां, दुसऱ्याच कुणाचं तरी."

"जवळ धर," आजोबा म्हणाले.

"आपलं नाहीये हो."

"जवळ धर म्हटलं ना."

मी फोन काचेला टेकवला. बाबा म्हणाले, "अण्णा, काय होतंय? दुखतंय का?" आजोबांनी त्यांना हाताने गप्प केलं असावं. मग त्यांनी ते नाव मोठ्याने वाचलं. गावासकट, न अडखळता, खरं तर काचेवर एवढा उजेड पडला होता की शेवटची अक्षरं दिसतही नव्हती.

"माझ्या आईचा मामा तो," आजोबा म्हणाले. "आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात, पोरी. घेणाऱ्याचं नाही. पेटीतल्या पाचांवर हेच नाव आहे."

मी काच धरून उभी राहिले. घरात पलंगाखाली वीस वर्षं पडलेलं नाव मी वाचलं नव्हतं. आणि दहा मिनिटांपूर्वी त्याच नावाकडे पाठ फिरवली होती. आता पुढचा प्रश्न येणारच होता, मागच्या वेळी दिसलं नाही का हे? तो यायच्या आत मी बोलले.

"आजोबा, मी आधी आलेच नव्हते. खोटं बोललेली मी तुमच्याशी. आज पहिल्यांदा आलेय."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "खाली काय लिहिलंय ते वाच."

कसं ठाऊक, हे विचारायला वेळ नव्हता. मागे कुणीतरी दार उघडल्याचा आवाज आला होता. मी कार्ड वाचायला लागले. माझं इटालियन दुकानात भाजी घेण्यापुरतं. एकेक शब्द डोक्यात मराठीत करायचा आणि मग बोलायचा. "हा सैनिक... खालच्या छावणीत कैदी होता... इटलीने शरणागती पत्करली, पहारेकरी छावणी सोडून गेले, त्या दिवशी हा... इतर सगळे तिथेच थांबले... हा डोंगराकडे पळाला."

शब्द तोंडातून सुटला आणि मला कळलं मी काय बोलले. पडद्यावर आजोबांचा चेहरा हलला नाही. फक्त डोळे मिटले. सगळ्या जन्मात जे त्यांनी कुणाला बोलू दिलं नव्हतं, ते मीच, त्यांच्या बापाच्या भांड्यासमोर उभी राहून, वाचून दाखवलं होतं.

"पुढे?" ते म्हणाले.

"पुढे... एका शेतकऱ्याच्या घरी..."

"अगं, सिस्टर आल्यात, ऑपरेशनला नेतायत," बाबांचा आवाज आला. "ठेव आता. मी करतो नंतर." पडद्यावर छत दिसलं, एक ट्यूबलाइट दिसली, आणि फोन बंद झाला.

मी परत लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. आजोबा भुलीखाली जाणार होते आणि जाताना त्यांच्या कानात शेवटचा शब्द होता तो 'पळाला'. ते परत आलेच नाहीत तर? चावडीवरच्या त्या माणसात आणि माझ्यात काय फरक राहिला? त्याने निदान जे बघितलं ते सांगितलं होतं. मी अर्धंच वाचून सांगितलं.

उरलेलं कार्ड वाचायची हिंमत होईना. गोरी बायको, असं त्यात निघालं तर? मला हुंदका आला आणि तो त्या रिकाम्या खोलीत चांगलाच मोठा ऐकू आला असणार, कारण शिक्षिकाबाई विणकामासकट आत आल्या. मी कार्डाकडे बोट दाखवून म्हटलं, "मला वाचता येत नाहीये." त्यांनी काही विचारलं नाही. माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि पहिलीच्या मुलाला वाचून दाखवावं, तसं बोट ठेवून, एकेक शब्द सावकाश म्हणत वाचायला लागल्या.

त्या सैनिकाला वरच्या वस्तीतल्या एका शेतकऱ्याने गोठ्याच्या माळ्यावर लपवलं. सगळा हिवाळा तो तिथे होता. तेव्हा तिथे जर्मन आले होते, कैद्याला आसरा दिला तर ते घरादाराला गोळ्या घालत, तरी ठेवलं. त्या घरातली मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने म्हातारपणी ही सगळी हकिकत म्युझियमला सांगितली, आणि फुलपात्रही तिनेच दिलं; त्याचं नाव मात्र तिला आठवत नव्हतं, ते भांड्यावरून घेतलेलं. रोज संध्याकाळी ती दुधाचा मातीचा मग माळ्यावर पोचवायची आणि सकाळी आणायची. शिक्षिकाबाई इथे थांबल्या, आणि मला नीट कळावं म्हणून ती ओळ दोनदा वाचली. तो दुधाचा मग एकदाही रिकामा परत आला नाही. कधी त्यात रात्री बाहेर पडून वेचलेले अक्रोड असायचे, कधी रानातली फळं. बर्फ पडायला लागल्यावर काही मिळेना, तेव्हा चुलीसाठी वाळक्या काड्यांची जुडी. एकदा काहीच नव्हतं, तर त्याने स्वतःच्या कोटाचं बटण काढून घातलं होतं. मुलीला वाटायचं, यांच्या धर्मात तसं सांगितलेलं असेल.

मला हसू आलं आणि रडू आलं, दोन्ही एकदम, आणि बाई घाबरल्या. त्यांना मी कसं सांगणार होते, की आमच्याकडे धर्मात नाही हो, आमच्याकडे ओट्यावर असतं ते. चमचाभर साखर घालून.

शेवटचा भाग लहान होता. वसंत ऋतूत जर्मन सैनिक झडती घेत शेजारच्या शेतापर्यंत आले. त्या रात्री कुणालाही न सांगता तो निघून गेला. सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत त्याचं स्वतःचं पितळी भांडं ठेवलेलं होतं, सोललेल्या अक्रोडांनी काठोकाठ भरलेलं. दुपारी सैनिकांनी माळा उलटापालटा केला. त्यांना काही सापडलं नाही. ते घर वाचलं. तो सैनिक पुन्हा कुणाला दिसला नाही.

शिक्षिकाबाईंनी मला टेबलाशी आणून बसवलं, कॉफी दिली. फोन आमच्या दोघींच्या मध्ये ठेवला. मी तुटक शब्दांत सांगितलं की ते नाव त्याचं नाही, ज्याने भांडं भेट दिलं त्याचं आहे. आमच्याकडे देणाऱ्याचं नाव घालतात. त्यांना पहिल्यांदा कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी तोंडावर हात ठेवला. दरवर्षी वसंतात त्या गावातले लोक आपल्या गावाला वाचवणाऱ्यांची नावं मोठ्याने वाचत, आणि इतकी वर्षं ते पणजीच्या मामाचं नाव वाचत आले होते, ज्यांनी आयुष्यात आपला तालुकासुद्धा कधी ओलांडला नसेल. बाई उठल्या, किल्ली आणली, कपाट उघडून कार्ड बाहेर काढलं आणि पेन माझ्यासमोर ठेवलं. मी पणजोबांचं नाव लिहिलं, आधी त्यांच्या लिपीत आणि मग आपल्या.

दीड तास झाला. दोन तास झाले. बाईंनी म्युझियम जेवणासाठी बंद करायची वेळ झाली तरी बंद केलं नाही. त्या विणत होत्या आणि मी फोनकडे बघत होते. शेवटी तो थरथरला. बाबांनी लिहिलं होतं, 'बाहेर आणलंय. अजून शुद्धीवर नाहीत.' एवढंच. यात आनंद मानायचा की नाही, ते मला कळेना. मी तशीच बसमध्ये बसले.

आजोबा बोलायच्या स्थितीत आले ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. बाबांनी फोन त्यांच्या तोंडासमोर धरला. ओठ कोरडे पडले होते, नाकात नळी होती. मला वाटलं, ते कशी आहेस विचारतील.

"पुढे?" ते म्हणाले.

मी सांगितलं. काही गाळलं नाही, काही वर घातलं नाही. दुधाचा मग, काड्या, बटण, सगळं. खिडकीतल्या भरलेल्या भांड्याशी आले तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"सोललेले होते?"

"हो. सोललेले. काठोकाठ."

मग त्यांनी मान बाबांकडे वळवली, जणू बाबांनीच काही आरोप केला होता. "पळून जाणारा माणूस अक्रोड सोलत बसतो होय?"

आजोबांनी तोंड भिंतीकडे केलं. त्यांचे खांदे हलायला लागले, तेव्हा बाबांनी फोन बाजूला घेतला. माझ्या जन्मात मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं, तेव्हाही बघितलं नाही. नुसतं ऐकलं.

ऑगस्टमध्ये मी सुट्टीला डोंबिवलीला आले. आजोबा वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जायला लागले होते आणि हवा हुंगून निर्णय देणं पुन्हा सुरू झालं होतं. दोघा-तिघांना त्यांनी हाताला धरून अक्रोडांची गोष्ट सांगितली, मी समोर असताना. गावालाही फोन करून सांगितली. तिथे ऐकणारं जुनं कुणी उरलेलं नव्हतं, पण त्यांनी सांगितली. मी इटलीला परत निघायच्या दोन दिवस आधी त्यांनी मला पलंगाखालची पेटी ओढायला लावली. फडकं सोडलं. पाच फुलपात्रं निघाली, पाचांवर पणजीच्या मामांचं नाव. त्यातलं एक त्यांनी माझ्या हातात दिलं.

"त्या मुलीला दे." नव्वदीच्या त्या बाई अजून आहेत आणि वरच्याच वस्तीत राहतात, हे शिक्षिकाबाईंनी मला कळवलं होतं. "आणि रिकामं नेऊ नकोस. गावचे शेंगदाणे मागवलेत, ते भर."

"सोलून?" मी विचारलं.

"सोलून," ते म्हणाले. मग पेटीच्या तळाशी हात घालून त्यांनी एक घडी घातलेला कागद काढला. मी उघडायच्या आधीच ओळखला. नंबर, पलटण, गाव. "तुझ्या टेबलावर लोणच्याच्या बरणीखाली राहिलेला. तू विमानात बसायच्या आधीच सापडलेला मला."

म्हणजे मी नूडल्स खात नंबर ताडून बघितला म्हणत होते, तेव्हा तो नंबर त्यांच्याजवळ होता. माझे कान गरम झाले. "मग बोलला का नाहीत? शिव्या तरी घालायच्यात."

"शिव्या घातल्या असत्या तर माझ्यासाठी गेली असतीस," आजोबा म्हणाले. "तू आपण होऊन हा मागशील, जाशील म्हणून वाट बघितली. आपल्या घरात सवय आहे त्याची."

मी कागद पासपोर्टात ठेवला, त्यांच्या डोळ्यांसमोर, आणि शेंगदाणे सोलायला बसले.